आंतरजालावरील सामूहिक खेळांचे अर्थकारण : वर्गणीपासून सोडतीपर्यंत

ज्या वस्तूचा पहिला नग तयार करण्यास कोट्यवधी रुपये लागतात आणि त्यानंतरचा प्रत्येक नग जवळजवळ विनाखर्च निघतो, अशा वस्तूची किंमत कशी ठरावी, हा अर्थशास्त्रातील जुना पेच आहे. पूल, आगगाडी, पाणीपुरवठा ह्यांच्या संदर्भात तो एकोणिसाव्या शतकातच उपस्थित झाला होता. हजारो माणसे एकाच वेळी एका कल्पित जगात वावरून जे खेळ खेळतात, त्या ऑनलाइन खेळांच्या व्यवसायात तो आज अत्यंत तीव्र स्वरूपात दिसतो. येथे विकावयाची वस्तू, मग ती तलवार असो, घोडा असो, अंगरखा असो की अंतराळयान असो, म्हणजे कंपनीच्या संगणकातील एक नोंद होय. ती नोंद किती वेळा करावी ह्याला निसर्गाची कोणतीही मर्यादा नाही. इतर बाजारांत दुर्मिळता विक्रेत्याला आयती मिळालेली असते. येथे ती त्याला स्वतःच निर्माण करावी लागते आणि टिकवावीही लागते.

परंतु एवढ्यानेच ह्या व्यवसायाचे वेगळेपण संपत नाही. ध्वनिमुद्रित गाणे किंवा छापील पुस्तक ह्यांनाही सीमान्त खर्चाचा हा नियम थोड्याफार फरकाने लागू पडतो. पण गाणे एकट्याने ऐकले तरी त्याची गोडी कमी होत नाही. सामूहिक खेळाचे तसे नाही. ज्या जगात दुसरा कोणी वावरत नाही, तेथील राजमुकुटाला किंमत नाही. खेळाडू जे विकत घेतो ते मुख्यतः इतर खेळाडूंचे साहचर्य, त्यांची स्पर्धा आणि त्यांची नजर. म्हणजे ग्राहक हा एकाच वेळी ग्राहकही असतो आणि दुसऱ्या ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या मालाचा अंशही असतो. हे ध्यानात घेतल्यावाचून ह्या कंपन्यांच्या उत्पन्नाच्या पद्धती, विशेषतः खेळ फुकट देऊन पैसा मिळविण्याची पद्धती, नीटशी उलगडत नाही.

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने आरंभिलेला आणि पुढे रिचर्ड बार्टल ह्याने वाढविलेला 'मड' हा खेळ ह्या सर्व खेळांचा पूर्वज समजला जातो. तो केवळ शब्दांत चाले. त्यात चित्रे नव्हती आणि आरंभी विक्रीचा हेतूही नव्हता. व्यापार सुरू झाला तो दूरध्वनीच्या तारेवरून संगणक जोडून देणाऱ्या कंपन्यांच्या हातून, आणि साहजिकच त्यांनी तारेचा हिशेब खेळाला लावला. अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह ह्या सेवेवर १९८५ मध्ये आलेल्या 'आयलंड ऑफ केस्माय' ह्या खेळासाठी धीम्या जोडणीवर तासाला ६ डॉलर आणि जलद जोडणीवर १२ डॉलर मोजावे लागत. खेळाडू जितका अधिक रेंगाळेल तितके उत्पन्न अधिक, असा हा सरळ हिशेब होता.

आंतरजाल स्वस्त झाल्यावर तासाची आकारणी मागे पडली आणि मासिक वर्गणी आली. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'ने आणि १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'ने दरमहा सुमारे १० डॉलर घेण्यास प्रारंभ केला; २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने तो आकडा १५ डॉलरपर्यंत नेला. ऑक्टोबर २०१० मध्ये ह्या शेवटच्या खेळाच्या ग्राहकांची संख्या १ कोटी २० लाखांवर पोहोचली होती. (त्यांतील चिनी खेळाडू मात्र वेळेची कार्डे घेऊन तासांच्याच हिशेबाने पैसे देत.) आकारणीची पद्धत बदलली की खेळाची घडणही बदलते, ही गोष्ट येथे विशेष लक्षणीय आहे. वर्गणीदाराने महिन्यात किती तास खेळावे ह्याविषयी कंपनी उदासीन असते, किंबहुना तो कमी खेळला तर तिच्या यंत्रसामग्रीवरील भार हलकाच होतो. मात्र तो पुढील महिन्यातही वर्गणीदार राहिला पाहिजे. म्हणून खेळातील शिडी लांबविली जाते. वरच्या पायऱ्या दूर ठेवल्या जातात, आणि ज्या शस्त्रासाठी एक संध्याकाळ पुरली असती त्यासाठी सहा आठवडे घालवावे लागतात. वर्गणीच्या काळातील खेळांत जो कंटाळवाणा, पुनरुक्त श्रम आढळतो तो रचनाकाराच्या कल्पनादारिद्र्यामुळे आलेला नसून वर्गणीच्या मुदतीतून आलेला आहे.

ह्या श्रमातूनच वर्गणीपद्धतीला तडा गेला. सर्वांस एकच दर असला की दोन प्रकारचे नुकसान होते. ज्याला महिन्यास २०० डॉलरही सहज देता आले असते त्याच्याकडून १५ च मिळतात; आणि ज्याला १५ परवडत नाहीत तो बाहेरच राहतो. शिवाय खेळाडूंत दोन वर्ग पडतात. एकाजवळ वेळ भरपूर आणि पैसा थोडा. दुसऱ्याजवळ पैसा आहे, पण नोकरी व संसार ह्यांतून उरलेला वेळ थोडा. अशा दोघांत विनिमय होणारच. खेळातील सोन्याची नाणी प्रत्यक्षातील लिलावाच्या संकेतस्थळांवर डॉलरांत विकली जाऊ लागली. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये ह्या लिलावांतील भावांवरून 'एव्हरक्वेस्ट'मधील नोराथ ह्या कल्पित भूमीचे राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचा प्रयत्न केला. त्याच्या अनुमानानुसार तेथील खेळाडूच्या एका तासाच्या श्रमाचे मोल ३.४२ डॉलर पडत होते. आणि दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या रशिया व बल्गेरिया ह्यांच्या दरम्यानचे, येत होते. हे गणित पुष्कळांनी विनोद म्हणून वाचले. परंतु चीनमध्ये पगारी तरुणांना पाळीपाळीने बसवून दुसऱ्यांसाठी सोने गोळा करणारी दुकाने लवकरच उभी राहिली, तेव्हा त्यात विनोदाचा भाग फारसा नव्हता हे दिसून आले.

कंपन्यांनी हा व्यापार प्रथम निषिद्ध ठरविला. परंतु विकणारा राजी आणि घेणाराही राजी असलेला व्यवहार केवळ मनाईने थांबत नाही. आणि ह्या व्यवहारातील एक दमडीही कंपनीच्या पेटीत पडत नव्हती. तेव्हा पुढचा टप्पा असा की, कंपनीने तो व्यापार स्वतःच्या छपराखाली घेतला. ह्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण आइसलँडमधील सीसीपी ह्या कंपनीच्या 'ईव्ह ऑनलाइन' ह्या खेळाचे आहे.

२००३ च्या मे महिन्यात सुरू झालेला हा अंतराळातील व्यापाराचा आणि युद्धाचा खेळ. बहुतेक खेळांत खेळाडूंना निरनिराळ्या समांतर जगांत विभागलेले असते. येथे मात्र जवळजवळ सर्व खेळाडू एकाच जगात असतात. याने, दारूगोळा, तळ हे सर्व खेळाडूच खाणींतून काढलेल्या खनिजांपासून घडवितात, विकतात आणि लढायांत नष्ट करतात. नष्ट झालेले यान परत मिळत नाही. बाजार इतका खरा होता की २००७ मध्ये कंपनीने त्याच्या देखरेखीसाठी एका अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली. ह्या खेळातील चलनास 'इस्क' म्हणतात. आइसलँडच्या खऱ्या चलनाचे संक्षिप्त नावही तेच आहे, हा आइसलँडवासीयांचा विनोद समजावा.

२००८ च्या अखेरीस कंपनीने 'प्लेक्स' नावाची एक वस्तू प्रचारात आणली. प्लेक्स म्हणजे त्या काळी तीस दिवसांच्या वर्गणीची जणू हुंडीच होती. ती खऱ्या पैशाने कंपनीकडून घ्यावयाची आणि खेळाच्या बाजारात इस्क घेऊन कोणासही विकावयाची. घेणारा ती वटवून महिनाभर खेळतो. एक व्यवहार पाहू. वेळ नसलेला पहिला खेळाडू डॉलर देतो आणि इस्क मिळवितो. पैसा नसलेला दुसरा खेळाडू श्रमाने मिळविलेले इस्क देतो आणि एक महिना खेळतो. नवे इस्क निर्माण होत नाही, म्हणून चलनवाढ नाही. चोरटे विक्रेते आपोआप मागे पडतात, कारण अधिकृत मार्ग अधिक सुरक्षित असतो. आणि कंपनीला? दुसऱ्या खेळाडूची वर्गणी तिला मिळतेच, फक्त ती पहिल्याच्या खिशातून येते. आणि हुंडीचा भाव साध्या वर्गणीपेक्षा थोडा चढा ठेवलेला असल्याने अधिकही मिळते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने एप्रिल २०१५ मध्ये हीच युक्ती उचलली तेव्हा वर्गणी सुमारे १५ डॉलर आणि हुंडी २० डॉलर, असा पाच डॉलरांचा फरक उघड होता. फुकट खेळणारा श्रमिक वर्गणीदारापेक्षा कंपनीस अधिक लाभदायक ठरतो, असा हा उलटा न्याय आहे.

हिशेबाच्या दृष्टीने आणखी एक बारकावा आहे. विकलेली पण न वटविलेली हुंडी हे कंपनीवरील देणे असते; कारण एका महिन्याची सेवा तिला पुरवावयाची असते. २०१० मध्ये एका खेळाडूने ७४ प्लेक्स एका लहानशा यानात घालून नेण्याचे धाडस केले आणि वाटेत दुसऱ्यांनी ते यान उडविले. १,२०० डॉलरांहून अधिक किंमतीच्या हुंड्या क्षणात नष्ट झाल्या. मारणाऱ्यांच्याही हाती काही लागले नाही. कंपनीला मात्र पैसे पूर्वीच मिळालेले होते. चौऱ्याहत्तर महिन्यांची सेवा देण्याची जबाबदारी तेवढी नाहीशी झाली.

प्लेक्स खेळाडूंनी मान्य केले; पुढील पाऊल मान्य केले नाही. जून २०११ मध्ये कंपनीने खेळात शोभेच्या वस्तूंचे एक दुकान उघडले. त्यातील एका डोळ्यावर लावावयाच्या चष्म्याची किंमत खऱ्या पैशात ६० डॉलरांच्या आसपास जात होती. गंमत अशी की, खेळाडूचा मानवी देह ज्या खोलीत दिसे त्या खोलीत दुसऱ्या कोणास प्रवेशच नव्हता. तेव्हा हा दागिना पाहणार कोण, हा प्रश्नच होता. त्याच सुमारास कंपनीचे एक अंतर्गत पत्रक बाहेर फुटले. लोभ चांगला असतो काय, अशा अर्थाचा प्रश्न त्याच्या मुखपृष्ठावर होता आणि शोभेच्या वस्तूंच्या पलीकडे जाऊन खेळातील सामर्थ्यही विकावे काय ह्याची चर्चा आत होती. खेळाडूंचा क्षोभ अनावर झाला. त्यांनी जिता ह्या खेळातील मुख्य बाजारपेठेत शेकडो यानांनिशी जमून तेथील स्मारकावर तोफा डागल्या. पुष्कळांनी वर्गणी बंद केली. खेळाडूंनी मतदानाने निवडलेल्या प्रतिनिधींना रेक्याविकला तातडीने बोलावून घेण्यात आले. दुकानात केवळ शोभेच्या वस्तू राहतील असे आश्वासन कंपनीने दिले. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखाने जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि सुमारे एक पंचमांश नोकरवर्ग कमी करण्यात आला.

ह्या बंडात चष्मा हे निमित्त होते. खेळाडूंचा आक्षेप पैसे घेण्यास नव्हता, कारण ते अनेक वर्षे वर्गणी देत आलेच होते. त्यांच्या जगातील मोठेपणा हा श्रमाचा, धूर्तपणाचा आणि संघटनेचा आहे, ही श्रद्धा त्यांच्या सर्व परिश्रमांना मोल देत होती. ती श्रद्धाच विक्रीस निघाली आहे असे त्यांना दिसले. प्लेक्समध्ये निदान दुसऱ्या कोणीतरी श्रम केलेले असत. शून्यातून काढलेल्या वस्तूमागे तसे कोणाचेच श्रम नसतात.

म्हणूनच पुढील पाच वर्षांनी कंपनीने जो मार्ग काढला तो अभ्यासण्याजोगा आहे. 'ईव्ह'मध्ये कौशल्याचे गुण प्रत्यक्षातील कालमानानुसार साचतात. खेळाडू झोपलेला असला तरी साचतात. आणि म्हणून जुन्या खेळाडूस नव्याने गाठणे अशक्य असे. फेब्रुवारी २०१६ मध्ये हे गुण एका खेळाडूतून काढून दुसऱ्यात घालण्याची सोय झाली. काढण्याचे साधन कंपनीच्या दुकानातून घ्यावयाचे. काढलेले पाच लाख गुण नवख्या खेळाडूस पूर्ण मिळत. आठ कोटींहून अधिक गुण असलेल्यास मात्र त्यांतील दीड लाखच मिळत, बाकीचे वाटेत विरून जात. येथेही काही नवे निर्माण होत नाही, केवळ हस्तांतर होते, असा युक्तिवाद करता येत होता, आणि तो खोटाही नव्हता. परंतु गुण साचण्यासाठी एकाने वर्गणी भरावी, ते काढण्यासाठी त्याने साधन घ्यावे आणि ते विकत घेणाऱ्याने आपले इस्क उभे करण्यासाठी प्लेक्स घ्यावे, अशा तीन ठिकाणी कंपनीस प्राप्ती होऊ लागली. २०११ मध्ये बंद झालेले दार २०१६ मध्ये खेळाडूंनी परस्परांसाठीच उघडले, कंपनीने फक्त बिजागरी पुरविली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मर्यादित कौशल्ये असलेला फुकट प्रवेशही सुरू झाला.

हा फुकट प्रवेश कशासाठी, ह्याचे उत्तर एका फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये देऊन ठेवले आहे. झ्यूल द्यूप्वी ह्याने आगगाडीच्या दरांचा विचार करताना असे दाखविले की, तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसते ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे; दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्या उतारूने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. गरिबास भिजविण्यात कंपनीस स्वारस्य नसते. श्रीमंतास भिजण्याची भीती वाटावी, एवढाच हेतू असतो. पुढे १९२० मध्ये पिगू ह्याने मूल्यभेदाचे जे तीन प्रकार वर्णिले, त्यांची बीजे ह्या निरीक्षणात आहेत. फुकट खेळांतील सर्व गैरसोयी, म्हणजे इमारत पुरी होण्यास लागणारे बारा तास, भरून गेलेली पोतडी, सावकाश चालणारा घोडा, ह्या छपराविना ठेवलेल्या डब्यासारख्याच आहेत. त्या दूर करण्यास कंपनीला काहीच खर्च येत नाही. त्या मुद्दाम घातलेल्या असतात आणि त्या दूर करण्याचे दाम घेतले जाते.

परंतु आगगाडीचे उदाहरण एका ठिकाणी अपुरे पडते. पहिल्या वर्गातील उतारूस तिसऱ्या वर्गाची गर्दी नसती तरी चालले असते. सामूहिक खेळात तसे नाही. फुकट खेळणाऱ्यांपैकी शंभरांतील थोडेच लोक कधी पैसे देतात, आणि त्यांतीलही मूठभर लोक बहुतांश उत्पन्न पुरवितात. ह्या मूठभरांना व्यवसायात 'व्हेल', म्हणजे देवमासे, म्हणतात, आणि ह्या शब्दातच ग्राहकाकडे पाहण्याची दृष्टी पुरेशी स्पष्ट होते. उरलेले लोक निरुपयोगी नसतात. ते प्रतिस्पर्धी असतात, सैनिक असतात, प्रेक्षक असतात. २००६ मध्ये आलेल्या 'झेंगतू' ह्या चिनी खेळाने ही गोष्ट सर्वांत उघडपणे केली. शी युझू ह्या उद्योजकाचा हा खेळ वर्गणी घेत नसे. पण पैसे घालणारा खेळाडू न घालणाऱ्यांचा सहज संहार करू शके. पराभूतांची गर्दी हीच येथे विकावयाची वस्तू होती. २००७ मध्ये ही कंपनी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात दाखल झाली.

पाश्चात्त्य देशांत सामर्थ्य विकण्याविषयी अधिक नापसंती असल्यामुळे तेथे शोभेकडे कल झुकला. २०११ च्या जूनमध्ये फुकट झालेल्या 'टीम फोर्ट्रेस २'ने टोप्या विकल्या. 'फोर्टनाइट'ने पोशाख, नाचाच्या लकबी आणि ठराविक मुदतीत कामे पुरी केल्यास बक्षिसे उलगडणारा 'बॅटल पास' विकला. ह्यांतील कशानेही खेळाडू अधिक बलवान होत नाही. तरीही २०२१ मधील न्यायालयीन वादात पुढे आलेल्या कागदपत्रांवरून 'फोर्टनाइट'चे २०१८ व २०१९ ह्या दोन वर्षांचे उत्पन्न ९०० कोटी डॉलरांहून अधिक असल्याचे दिसले. शोभेला लागते ती इतरांची नजर; आणि ती नजर फुकट खेळणारे पुरवितात. शोभा विकणे हा मार्ग सभ्य खरा, पण सर्वस्वी निर्दोष नव्हे. बटणांची रचना अशी ठेवणे की नकळत खरेदी व्हावी, मुलांना पालकांच्या संमतीवाचून पैसे खर्चता यावेत, अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे ह्याच कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये २४.५ कोटी डॉलर ग्राहकांस परत करण्याचे मान्य केले.

आता उरते ती सोडत. जपानमध्ये नाणे टाकून दांडी फिरविली की बंद गोळ्यातून एखादे खेळणे देणारी यंत्रे असतात. त्यांच्या 'गाचापोन' ह्या नावावरून ह्या पद्धतीस 'गाचा' म्हणतात. कोरियातील नेक्सॉन कंपनीच्या 'मेपलस्टोरी' ह्या खेळाने २००४ मध्ये जपानमध्ये ती आणली. वस्तू विकण्याऐवजी वस्तू मिळण्याची शक्यता विकावयाची. उत्पन्नाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की, किंमत ठरविण्याचे कामच उरत नाही. ज्याची इच्छा जितकी उत्कट तितक्या वेळा तो पैसे टाकतो आणि स्वतःची किंमत स्वतःच उघड करतो.

ह्यातील गणित सामान्य बुद्धीस फसविणारे आहे. शंभरांत एकदा निघणारी वस्तू शंभर वेळा पैसे टाकूनही शंभर जणांपैकी सुमारे ३७ जणांस मिळत नाही. संच पुरा करावयाचा असेल तर फसगत अधिकच वाढते. समान शक्यतेची दहा चित्रे जमविण्यास सरासरीने सुमारे २९ सोडती लागतात. पण त्यांतील पहिली पाच चित्रे सहा-सात सोडतींतच हाती येतात आणि उरलेल्या पाचांस जवळजवळ २३ लागतात. अर्धा संच झटपट जमल्यामुळे काम अर्धे झाले असे वाटते. प्रत्यक्षात ते पाव हिश्श्याहूनही कमी झालेले असते. संचावर बक्षीस ठेवणारी ही विशिष्ट पद्धत जपानच्या ग्राहक-व्यवहार विभागाने २०१२ मध्ये बेकायदेशीर ठरविली. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. अवाजवी बक्षिसांविरुद्धचा १९६२ चा कायदाच पुरेसा झाला.

चीनने मे २०१७ पासून सोडतीतील शक्यता प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. परंतु प्रसिद्धी पुरेशी आहे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा 'मेपलस्टोरी'नेच दिले. ह्या खेळात २०१० पासून 'क्यूब' नावाची वस्तू विकली जाई. ती वापरली की शस्त्राच्या अंगचे गुण नव्याने, यदृच्छेने, ठरत. आरंभी सर्व गुण समान शक्यतेने येत. त्याच वर्षी, खेळाडूंस न कळविता, लोकप्रिय गुणांची शक्यता कमी करण्यात आली. आणि २०११ पासून काही अत्यंत इष्ट अशा जुळण्यांची शक्यता शून्य ठेवण्यात आली. म्हणजे जी जुळणी निघूच शकत नव्हती तिच्या आशेने खेळाडू सुमारे दहा वर्षे पैसे टाकीत राहिले. २०२१ मध्ये खेळाडूंच्या दडपणाखाली कंपनीने कोष्टके प्रसिद्ध केली तेव्हा हे उघडकीस आले. जानेवारी २०२४ मध्ये कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने कंपनीस सुमारे १,१६० कोटी वॉन दंड केला, आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून शक्यता प्रकट करणे कोरियातही सक्तीचे झाले.

घोड्यांच्या शर्यतीत घोडा सर्वांस दिसतो. सरकारी लॉटरीत सोडत लोकांसमक्ष होते. येथे सोडत एका बंद संगणकात होते, नियम करणारा आणि सोडत काढणारा एकच असतो, आणि प्रत्येक खेळाडूस आपल्या काही डझन प्रयत्नांपलीकडे दुसरा पुरावा नसतो. जी शक्यता शून्य आहे ती आणि जी हजारांत एक आहे ती, ह्यांतील भेद एका खेळाडूच्या अनुभवातून कळणे जवळजवळ अशक्य असते. जुगारापेक्षाही हा दोष मोठा मानावयास हवा, कारण जुगाऱ्यास निदान खेळाचे नियम ठाऊक असतात.

ह्या सोडतीस जुगार म्हणावे काय, ह्याविषयी देशोदेशी मतभेद आहेत. बेल्जियमच्या नियामक मंडळाने एप्रिल २०१८ मध्ये तसे म्हटले. नेदरलँड्समध्ये फुटबॉलच्या एका खेळाबद्दल एक कोटी युरोंचा दंड झाला. पण मार्च २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने, ही सोडत स्वतंत्र खेळ नसून एका कौशल्याच्या खेळाचा भाग आहे, ह्या कारणास्तव तो रद्द केला. कौशल्य आणि यदृच्छा ह्यांतील भेद भारतीय विधीस जुनाच परिचित आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते आणि चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये हाच भेद प्रमाण मानला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या अधिनियमाने मात्र हा भेद बाजूस सारला. पैसे किंवा पैशाने घेतलेली टोकने लावून द्रव्यलाभाची अथवा अन्य लाभाची अपेक्षा ज्यात असते तो खेळ, कौशल्याचा असो वा यदृच्छेचा, निषिद्ध. वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घेणारा मनोरंजनाचा खेळ विहित. रमी व काल्पनिक क्रिकेटसंघ ह्यांच्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही व्याख्या आहे. खेळातील नाण्यांनी उघडावयाच्या पेट्या तिच्या कोणत्या बाजूस पडतात, हे 'अन्य लाभ' ह्या शब्दांच्या अर्थावर अवलंबून राहील. पेटीतून निघालेला अंगरखा खेळाबाहेर विकता येत नसेल तर तो लाभ नव्हे असे कंपनी म्हणू शकेल. तो विकता येत असेल, उदाहरणार्थ स्टीम ह्या विक्रीमंचावर २०१२ पासून खेळाडू परस्परांस अशा वस्तू विकतात आणि मंचाचा चालक प्रत्येक विक्रीमागे आपला हिस्सा घेतो, तर ह्या युक्तिवादाचा आधार नाहीसा होतो.